दोन कारखान्यांची एक खुर्ची

मोडली ती वकीलबाईंची खुर्ची, आणि मोडली ती नेमकी अशिलासमोर. बाई पडल्या नाहीत, टेबलाला धरून सावरल्या. पण त्यांचा राग काही सावरला नाही. त्यांनी खुर्ची हातगाडीवर घातली आणि गल्लीत आणून दोन दारांच्या मधोमध ठेवली. एका दारात सुतार उभे होते, त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. दुसऱ्या दारात ताई उभी होती. खुर्च्या-सोफ्यांच्या गाद्या भरायचा कारखाना तिच्या वडिलांचा. ते गेल्यावर ती तो चालवू लागली होती, आणि गिऱ्हाइकं अजून प्रत्येक बोलण्याची सुरुवात "वडील असताना" अशीच करत.

"सांगाडा यांनी केला, गादी तुम्ही भरलीत," वकीलबाई म्हणाल्या. "तुमच्यापैकी एकाचं काम कच्चं आहे. कोण ते ठरवा, तोवर मी चहा पिऊन येते."

"सांगाडा चोख आहे," मिस्त्री म्हणाले.

"गादीनं खुर्ची मोडलेली मी कधी ऐकली नाही," ताई म्हणाली.

आजवर ती दोघं समोरासमोर धंदा करत होती, पण 'बरं आहे ना' यापलीकडे त्यांचं बोलणं नव्हतं. मिस्त्री सांगाडा करून मोकळे व्हायचे, गिऱ्हाईक तो उचलून ताईकडे आणायचं, ताई गादी भरून मोकळी व्हायची. सगळेच मोकळे. त्या दिवशी पहिल्यांदा दोघं एकाच खुर्चीपुढे उकिडवी बसली. ताईने कापड सोडवलं, कापूस काढला, काथ्या काढला, गादी पेलणारी खालची नवारीची पट्टी उघडी केली, आणि दोघांनाही एकदमच दिसलं. ताईने नवार इतकी ताणून ठोकली होती की तिने चारही बाजूंची लाकडं आत ओढली होती. आणि मिस्त्रींनी सांधे असे नाजूक, देखणे कातले होते की त्यांना ती ओढ सोसवणारच नव्हती. आपापल्या परीने दोघांनीही चोख काम केलं होतं आणि खुर्ची मात्र मेली होती.

"मला काय माहीत तुम्ही एवढं ओढता," मिस्त्री म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलंत?"

"तुम्ही कधी सांगितलंत?"

वकीलबाई चहा पिऊन आल्या तेव्हा दोघं हसत होती. बाईंना ते मुळीच आवडलं नाही, पण नवी खुर्ची मिळाली तीत त्या पुढे कायम बसल्या.

तिथून सूत जुळलं. लाकूड कापायच्या आधी मिस्त्री दारात येऊन विचारू लागले, "शेजारीणबाई, ओढ कुठून?" आणि ताई गादी भरायच्या आधी विचारायची, "लाकूड कुठे नरम आहे?" तिचं कापड काचून फाटू नये म्हणून ते सांगाड्याच्या कडा आतून अलगद उतरवू लागले. त्यांचं लाकूड फाटू नये म्हणून ती बारीक चुका वापरू लागली. गादीवाल्यांच्या या छोट्या खिळ्यांना चुका म्हणतात, आणि ठोकताना त्या तोंडात धरतात. एकीकडे हातोडी, दुसरीकडे कापड, मग तिसरा हात आणायचा कुठून? मिस्त्री हे बरोबर हेरून असायचे. काही अवघड बोलायचं असलं की तिचं तोंड चुकांनी भरलेलं बघूनच यायचे. "तुम्हाला उत्तर देता येत नाही तोवर बोलून घेतो," म्हणायचे. बाजारातून चुकांची पुडी आणली की ती तिच्यापुढे ठेवून अगदी गंभीर तोंडाने म्हणायचे, "माझ्या चुका पदरात घ्या." प्रत्येक वेळी तेच. ताईला प्रत्येक वेळी हसू यायचं.

करार नव्हता, एक पाटी नव्हती. दोन दारं होती आणि मधे गल्ली. पण लोक हळूहळू म्हणू लागले, "त्या दोघांची खुर्ची हवी." वर्षं गेली. दोघांचं बोलणं कमी कमी होत गेलं, कारण त्याची गरजच उरली नाही. ते सांगाडा उचलून आत आणायचे, ती त्यावर तळवा फिरवायची, "हं" म्हणायची. कधी "हं?" म्हणायची. तेवढ्यावर ते सांगाडा परत घेऊन जायचे.

मग शहराबाहेर फर्निचरचा मोठा कारखाना निघाला. एका दुपारी मिस्त्री आले. ताईच्या तोंडात चुका होत्या.

"त्यांचा माणूस आला होता," ते म्हणाले. "दोघांना बोलावतायत. जोडीनं. आपण दोघं तिथला खुर्च्यांचा विभाग बघायचा. मला जावंसं वाटतंय, शेजारीणबाई. आजवर आपण खुर्च्या एकेक करत आलो. एकदा शेकड्यांनी करून बघावं, असं फार दिवस मनात आहे. पण एकट्यानं नाही."

ताईने एकेक चूक तोंडातून काढून बशीत ठेवली. पुष्कळ वेळ लावून. मग म्हणाली, "विचार करते."

आणि खरंच तिने विचार केला. एका आठवड्यात तिचं जायचं ठरायचं, दुसऱ्या आठवड्यात बापाची पाटी उतरवायची कल्पना करूनच ते फिरायचं. मिस्त्री घाई करत नव्हते. मधूनच "काय म्हणतो विचार?" एवढंच विचारायचे. "चाललाय," ती म्हणायची. उन्हाळा संपला. विचार चालूच होता. एके सकाळी समोरच्या दारात ट्रक उभा होता आणि मिस्त्रींचं करवतीचं यंत्र वर चढत होतं.

"त्यांना उत्तर हवं होतं," मिस्त्री म्हणाले. रागावलेले नव्हते, रागावले असते तर बरं झालं असतं. "येतो," म्हणाले, कोपऱ्यावर चहाला निघाल्यासारखे.

समोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान आलं.

ताईला सुतार मिळाले नाहीत असं नाही. एक फार कसबी होता, पण त्याची तारीख कधी उजाडायचीच नाही. दुसरा तारखेला पक्का, पण त्याला काही सुचवलं की म्हणायचा, "लाकूड माझं, गादी तुमची, माझ्यात तुम्ही पडू नका." तिसरा सगळं ऐकायचा, मान डोलवायचा आणि आपल्याला हवं तेच करायचा. त्यांच्या सांगाड्यांवर ताई तळवा फिरवायची, "हं?" म्हणायची आणि मग तिला आठवायचं की हे "हं?" समजणारं समोर कुणी नाही. काम चालत होतं. धंदा बुडाला नाही की कारखाना ओस पडला नाही. पण मनाला एक चुटपुट लागली ती लागलीच. चांगली जमलेली खुर्ची पुरी झाली की ती ओठांशी आलेलं काहीतरी घेऊन दाराकडे वळायची, आणि समोर मोबाइलवाला कुणाच्या तरी फोनची काच बदलत बसलेला असायचा.

तिचा नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. शांत माणूस. एकदा जेवताना ती सांगत होती, मिस्त्री असते तर हा पाय असा ठेवला असता, मिस्त्री असते तर ही पाठ एवढी उभी केली नसती. त्याने ऐकून घेतलं आणि पाण्याचा पेला खाली ठेवला.

"एकदा जाऊन भेटून का येत नाहीस?" तो म्हणाला. "नाहीतरी घरात आपण तिघं राहतोय."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते तिला लागलं. तरी ती गेली नाही. काय म्हणून जायचं? विचार झाला, असं सांगायला?

मग एक दिवस त्या मोठ्या कारखान्याच्या मॅनेजरबाई आल्या. तिशीतल्या असतील, पायांत सपाट बूट. आल्या त्या बोलायच्या आधी ताईकडच्या प्रत्येक खुर्चीत बसून पाहू लागल्या. तिसऱ्या खुर्चीत बसल्यावर उठेनात.

"आमची खुर्ची दिसते छान," त्या म्हणाल्या, "पण बसवत नाही. लोक अर्ध्या तासात चुळबुळायला लागतात. आता आम्हाला ग्रंथालयाच्या वाचनकक्षाचं काम मिळालंय. सगळ्या खुर्च्या नव्या. तिथे माणूस दिवस दिवस बसणार. सगळं एका छपराखाली करायचं म्हणून आम्ही हट्ट धरला, तो जमला नाही, हे मी सरळच सांगते. आम्हाला सोबती हवा. मजुरीवर काम उचलणारा नको, बरोबरीचा. खुर्चीवर दोघांचं नाव."

"माझ्याकडेच का आलात?"

"आमचे मिस्त्री म्हणाले. दुसऱ्या कुणाकडे जाऊच नका म्हणाले." मग घड्याळ बघत म्हणाल्या, "घाई नाही हं. विचार करायला वेळ घ्या."

"नको," ताई इतक्या जोरात म्हणाली की मागे शिवण चालवणाऱ्या दोघी वळून बघू लागल्या. "वेळ नको. हो. माझं हो."

त्या दिवशी ती गुणगुणत घरी आली. आठवड्याने नमुन्याचा सांगाडा आला. तिने वेष्टन फाडलं, तो टेबलावर उलटा घातला आणि कडेच्या आतल्या बाजूने तळवा फिरवला. कड धारदार होती, सुरीसारखी. तिने चारही बाजू पाहिल्या. मग पुन्हा पहिल्यापासून. सांधे मजबूत, माप काटेकोर, लाकूड उत्तम. पण हा सांगाडा कुणी तिच्यासाठी केलेला नव्हता, कुणासाठीच केलेला नव्हता. ती पाठ टेकून तिथेच खाली बसली. आपण त्या सांगाड्यात खुर्ची शोधत नव्हतो, हे तिचं तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी ती बसने कारखान्यात गेली.

मिस्त्री काचेच्या खोलीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, समोर संगणक, बाजूला झाकलेला चहा. केस पांढरे झाले होते. हात मात्र स्वच्छ होते, नखांत धूळ नाही, बोटाला चिकटलेला सरस नाही. त्या हातांकडे तिला बघवेना.

"या शेजारीणबाई," ते उठून म्हणाले, आणि मधली सगळी वर्षं दोघांच्या मधे येऊन उभी राहिली.

"तो सांगाडा तुमचा नाही," ती म्हणाली. नमस्कार नाही, बरं आहे ना नाही.

"इथे खुर्ची मी करत नाही. इथे खुर्ची होते." ते हसले. "मी बघतो. सह्या करतो. मुलं हुशार आहेत, यंत्रं माझ्यापेक्षा सरळ कापतात. पण कापणाऱ्याला ठाऊक नसतं भरणारा कोण, आणि भरणाऱ्याला कापणारा दिसत नाही. त्यांच्यात तीन दारं आहेत आणि एक जिना. मी कितीदा सांगितलं. सांगून कळत नाही ते."

"मग माझं नाव का सांगितलंत?"

"वाटलं, बघू," मिस्त्री म्हणाले. "मला वाटलं होतं तुम्ही विचार करते म्हणाल."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले; तिने ते भिंतीवरच्या तक्त्याकडे वळवले.

मॅनेजरबाई आल्या तेव्हा ताईने सांगाडा नापसंत असल्याचं सांगितलं. बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही दोघं पूर्वी हे नेमकं कसं करत होतात?"

दोघं एकदम बोलू लागली. दोघं एकदम थांबली. मिस्त्री म्हणाले, "म्हणजे मी आधी त्यांना..." ताई म्हणाली, "नाही, आधी मी..." आणि मग दोघांनाही कळलं की हे आपल्याला सांगता येत नाही.

"मग करून दाखवा," बाई म्हणाल्या. "दोन दिवस घ्या. मी कापणारी मुलं आणि गादीवाल्या मुली, सगळ्यांना बसवते बघायला."

ते दोन दिवस ताई पुढे कधीही विसरली नाही. मिस्त्रींनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, आणि रंधा हातात घेतल्यावर पहिल्याच फटक्याला तो अडकला. मुलं एकमेकांकडे बघू लागली. ताईने नवार ओढली आणि खांद्यात कळ आली. सगळ्यांसमोर, एवढा गाजावाजा करून आणलेली ही जुनी जोडी भांडली.

"एवढं कशाला ओढताय?"

"एवढी बारीक पट्टी कशाला ठेवलीत?"

"पूर्वी चालायची."

"पूर्वी तुम्ही वेगळं लाकूड घ्यायचात!"

पहिली खुर्ची बिघडली, चक्क बिघडली. डाव्या बाजूला कलली. मागे बसलेली एक गादीवाली मुलगी न राहवून म्हणाली, "पण मग कापायच्या आधीच पट्टी किती हवी ते विचारलं तर?" आणि तिच्याशेजारचा सुतारकाम करणारा पोरगा म्हणाला, "विचारायचं कुणाला? तुला?" "मला नाहीतर कुणाला!" सगळे हसले. मॅनेजरबाईंनी मात्र हसता हसता काहीतरी टिपून ठेवल्यासारखी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कधीतरी हात आठवू लागले. मिस्त्रींनी न विचारताच कड आतून उतरवली. ताईने मान वर न करता डावा हात पुढे केला आणि त्यांनी त्यात हातोडी ठेवली. सांगाडा तिच्यापुढे आला. तिने तळवा फिरवला.

"हं," ती म्हणाली.

मिस्त्रींनी श्वास सोडला. ती खुर्ची पुरी होईपर्यंत दोघांपैकी कुणी बोललं नाही, आणि बघणारेही बोलले नाहीत. ताईला वाटलं, हे संपू नये. एखादी शिवण उसवून पुन्हा घालावी, एखादी चूक काढून पुन्हा ठोकावी. तिने तसं काही केलं नाही. शेवटची शिवण घातली आणि दोरा तोडला.

संध्याकाळी मागच्या नळावर दोघं हात धूत होती. सरस सहज निघत नव्हता.

"परत या," ताई म्हणाली. यावेळी तिच्या तोंडात काही नव्हतं. "मोबाइलवाल्याला दुसरी जागा बघून देते. नाही तर माझ्याच जागेत या, अर्धी तुमची. पाटीवर तुमचं नाव आधी."

मिस्त्री बोटं चोळत राहिले.

"हिच्या छातीला इथली हवा सोसत नाही," ते म्हणाले. त्यांच्या घरची आजारी असल्याचं तिने ऐकलं होतं, पण इतकं नाही. "लेक समुद्राकाठी राहते. तिथे जायचं ठरलंय आमचं. वाचनकक्षाचं काम मार्गी लागलं की मी सुटलो. तुमचं नाव सांगितलं ते म्हणूनच. माझ्यामागे इथे कुणीतरी 'हं?' म्हणणारं हवं."

ताईने नळ बंद केला. पुन्हा उघडला.

"मी तेव्हाच हो म्हटलं असतं तर..."

"तरी हे झालंच असतं, शेजारीणबाई. हिचा आजार तुमच्या विचारावर थांबला नसता."

"ते खरं. पण मधली वर्षं?"

मिस्त्रींनी रुमाल काढला, हात पुसले, रुमालाची घडी घातली. 

"हो," ते म्हणाले. "मधली वर्षं होती."

ताईने नळ पुन्हा बंद केला. 

दोन्ही कारखान्यांचं मात्र जमलं. ताईने एकच अट घातली होती: कोणत्याही नव्या खुर्चीचं पहिलं लाकूड कापायच्या आधी कापणारे आणि भरणारे एका टेबलाशी बसतील, एकदा त्यांच्याकडे, एकदा आपल्याकडे. मॅनेजरबाईंना त्यासाठी वरच्यांशी भांडावं लागलं. वेळ फुकट जातो, असं वरचे म्हणत होते. बाईंनी त्यांना ती कललेली आणि ती जमलेली अशा दोन्ही खुर्च्यांत बसवलं, पुढे काही बोलायची गरज पडली नाही. कारखान्यातली मुलं ताईच्या गल्लीत येऊ लागली, ताईच्या मुली कारखान्यात जाऊ लागल्या. सुरुवातीला रोज ताईकडे एकमेकांची गाऱ्हाणी. मग गाऱ्हाणी सरळ एकमेकांनाच सांगायला लागली आणि ताईचं डोकं मोकळं झालं. ती न राहवून बोललेली मुलगी आणि तो पोरगा तर आता अर्ध्या अर्ध्या वाक्यांत बोलत, आणि ते ताईला कळत नसे. ती जवळून जायची, ऐकायची आणि काही न विचारता पुढे जायची. त्यांचं त्यांना कळत होतं, ते बरंच होतं. बरं असूनही आत काहीतरी दुखायचं.

मिस्त्री गेले. जाताना कारखान्यात निरोपाचा समारंभ झाला, भाषणं झाली, त्यांना शाल दिली. ताई मागच्या रांगेत होती. गर्दीत एवढंच बोलणं झालं, "जपून," "तुम्हीही." तिकडे पोचल्यावर त्यांनी एकदा फोन केला. समुद्र घरातून दिसतो म्हणाले, हिचा खोकला उतरलाय म्हणाले. लाकूडकामाबद्दल तिने विचारलं नाही आणि त्यांनीही काही सांगितलं नाही.

वाचनकक्ष उघडला त्यानंतर काही दिवसांनी ताई नवऱ्याला घेऊन तिकडे गेली. सकाळची वेळ होती. उंच खिडक्या, लांब टेबलं, आणि रांगेने त्यांच्या खुर्च्या. बहुतेकांत माणसं होती. खुर्चीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ताई पुस्तक शोधल्यासारखं करत कपाटांमधून हिंडत राहिली आणि माणसांच्या पाठी बघत राहिली. कुणी चुळबुळत नव्हतं. खिडकीजवळ एक म्हातारे गृहस्थ होते, कोट घातलेले, समोर जाडजूड ग्रंथ. त्यांची मान हळूहळू खुर्चीच्या पाठीवर टेकली, हात तिच्या हातांवर विसावले आणि ते झोपले. शांत, न घोरता, लहान मूल झोपावं तसे.

ताईने नवऱ्याचा दंड घट्ट धरला. "झोपले," ती कुजबुजली. "बघा ना, झोपले!"

"ग्रंथालयात झोपणं चांगलं नाही," तो तितक्याच हळू म्हणाला. मग तिच्याकडे पाहिलं आणि तोही त्या म्हाताऱ्याकडे बघू लागला.

हे जगात एकाच माणसाला सांगायला हवं होतं. त्याला सांगावंही लागलं नसतं. दारात उभं राहून "झोपले" एवढं म्हटलं असतं, की रंधा बाजूला ठेवून तो हसला असता. ताई जिना उतरली, रस्त्यावर आली, थोडा वेळ तशीच चालत राहिली. ऊन छान पडलं होतं. फोन करावा का, हे मनात आलं आणि राहिलं. फोनवर आधी तब्येतीचं बोलावं लागलं असतं, आणि मग हे मोठं करून सांगावं लागलं असतं.

"सांग की मला," नवरा म्हणाला.

"काय?"

"तो म्हातारा झोपला त्यात एवढं काय होतं ते. मला नाही कळलं. पण सांग."

ताई थांबली. मग तिने सांगायला सुरुवात केली. माणूस बसतो तेव्हा त्याचं वजन आधी कुठे पडतं, मग कुठे सरकतं. तिथे नवार किती सैल हवी आणि तिच्याखालचं लाकूड किती पक्कं. पाठ जरा जास्त उभी झाली तर मान टेकतच नाही, जरा जास्त कलली तर माणूस घसरतो आणि दचकून जागा होतो. बोलता बोलता ती हातांनी हवेत खुर्ची करून दाखवू लागली. येणारेजाणारे वळून बघत होते. नवरा तिच्या बाजूने चालत होता, मन लावून ऐकत होता, शाळेत शेवटच्या बाकावरचा मुलगा परीक्षेच्या आधी ऐकतो तसा, कपाळाला आठ्या घालून. चौक आला तेव्हा त्याने विचारलं, "पण मग उशी का नाही देत डोक्यापाशी?"

प्रश्न अगदी भलताच होता. ताईने तरी त्याला नीट उत्तर दिलं, आणि ते देता देता दोघांनी रस्ता ओलांडला.